वाचनालयाचा ईमेल आणि संगणक: नियम कुणासाठी?

नदीकाठ

मंडळी, आमच्या वाचनालयाच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे 'संगणक व ईमेल वापर नियमावली' ठेवायची आहे. कार्यवाह म्हणून मसुदा करायचं काम माझ्याकडे आलंय. इथे बरेच जण वाचनालयांशी, मंडळांशी, ट्रस्टशी जोडलेले आहेत, म्हणून धागा काढतोय.

आमचं तालुक्याच्या गावचं 'ब' वर्ग वाचनालय. एक संगणक देवघेवीच्या टेबलावर, एक कार्यालयात आणि एक वाचनकक्षात सभासदांसाठी. ईमेल खातं एकच. तेही फार पूर्वीच्या एका कार्यवाहांनी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेलं. पासवर्ड किती जणांना माहीत आहे, हे आज कोणी सांगू शकत नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार, अनुदानाचे कागद, लेखापरीक्षकांशी बोलणं, प्रकाशकांची बिलं, सगळं त्यातूनच चालतं.

नियम करायची वेळ का आली ते सांगतो. कार्यकारी मंडळाच्या मागच्या निवडणुकीत वाचनालयाच्या खात्यातून सगळ्या आजीव सभासदांना एका गटाचं आवाहन गेलं. खाली सही 'वाचनालय परिवार'. दुसऱ्या गटाला अर्थातच ते पत्ते मिळाले नाहीत. आणि त्यानंतर काही महिन्यांनी बालविभागातल्या मुलांच्या पालकांना एका शिकवणी वर्गाचे फोन येऊ लागले. मुलाचं नाव, इयत्ता, सगळं फोन करणाऱ्याला माहीत. यादी आमच्याच संगणकातून गेली होती. कोणी दिली ते कळलं नाही, कारण कार्यालयातला संगणक सगळेच एका नावाने उघडतात.

मंडळाच्या बैठकीत नियमावलीचा पहिला कच्चा खर्डा आला तेव्हा त्यातली जवळजवळ सगळी कलमं सभासदांसाठी होती. सभासदाने पेन ड्राइव्ह लावू नये, सभासदाने अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नये, सभासदाने खासगी काम करू नये. पण वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी सभासदांनी केलेल्याच नाहीत. ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांच्याकडून त्या झाल्या. म्हणून माझं ठाम मत असं की नियमावली आधी पदाधिकाऱ्यांना आणि सेवकांना बांधणारी हवी, मग सभासदांना.

माझ्या मसुद्यातलं मुख्य कलम असं आहे: "सभासदांचे ईमेल पत्ते, मोबाइल क्रमांक व घरचे पत्ते हे देवघेव, वर्गणी, सभेची सूचना आणि वाचनालयाचे स्वतःचे कार्यक्रम एवढ्याच कामांसाठी वापरले जातील. निवडणूक, धंदा, पक्षकार्य, धर्मकार्य, वर्गणी गोळा करणारी इतर कोणतीही संस्था यांच्यासाठी ते वापरले वा दिले जाणार नाहीत. हा नियम अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सर्वांना लागू राहील."

तीन गोष्टींवर मत हवंय. एक, वाचनकक्षातला संगणक कोणी कधी वापरला याची नोंद ठेवावी का आणि किती दिवस. दोन, सभासद पुस्तकांच्या पीडीएफ मागतात, त्याचं काय. आणि तीन, मंडळातल्या दोघांचा आग्रह आहे की "संस्थेची बदनामी होईल असा मजकूर सभासदांनी ईमेलने वा समाजमाध्यमांवर पाठवू नये, अन्यथा सभासदत्व रद्द" असं कलम घालावं. मला ते पटत नाही, पण माझं म्हणणं नीट मांडता यायला हवं.

---

ग्रंथाळ

नदीकाठ, चांगलं काम हाती घेतलंत. मी ग्रंथपाल आहे, त्यामुळे ज्या गोष्टीचा तुमच्या मसुद्यात उल्लेख नाही तिच्याबद्दल आधी बोलते: देवघेवीची नोंद. कोणी काय वाचलं, ती.

आपल्याकडे याकडे कोणी गांभीर्याने बघत नाही. टेबलापाशी येऊन लोक सहज विचारतात, आमच्या हिने काय काय नेलंय बघा जरा. वडील मुलीचं विचारतात. पदाधिकारी एखाद्या सभासदाचं विचारतात. आणि टेबलावरचा सेवक स्क्रीन वळवून दाखवतो, कारण त्यात काही चूक आहे असं त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक, मानसिक आजारावरचं पुस्तक, व्यसनमुक्तीवरचं पुस्तक घरी कोणाला न सांगता नेणारी माणसं असतात. वाचनालय ही त्यांची एकमेव जागा असते.

जुन्या ब्राऊन पद्धतीत पुस्तकाच्या खिशातलं कार्ड सभासदाच्या तिकिटात जायचं आणि पुस्तक परत आलं की दोन्ही वेगळी व्हायची. मागे काहीच उरत नसे. रजिस्टर ठेवणाऱ्या वाचनालयांतही जुनी रजिस्टरं माळ्यावर जायची आणि त्यात एखाद्याचं नाव शोधायचं म्हणजे दिवस गेला असता. संगणकात मात्र एका क्लिकवर माणसाचं दहा वर्षांचं वाचन समोर येतं. नोंद तीच, पण तिचा धोका कितीतरी वाढला.

तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरता? कोहा असेल तर परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या नोंदींतून सभासदाचं नाव काढून टाकायची सोय त्यातच आहे. पुस्तक किती वेळा गेलं हा आकडा राहतो, कोणी नेलं ते जातं. अहवालाला आणि पुस्तक निवडीला आकडाच लागतो, नाव लागत नाही. एनआयसीचं ई-ग्रंथालय किंवा एखादं स्थानिक सॉफ्टवेअर असेल तर बनवणाऱ्याला किंवा मदत केंद्राला विचारा. निदान टेबलावरच्या सेवकाला चालू देवघेवच दिसेल एवढं तरी करून घ्या.

नियमावलीत एक ओळ घालाच: सभासदाच्या वाचनाची नोंद त्याच्याशिवाय कोणालाही, घरच्यांनाही, दाखवली जाणार नाही.

---

एडिसनकर

ग्रंथाळ यांनी लिहिलंय ते इथे अमेरिकेत कायद्यात आहे. न्यू जर्सीत ज्यातून वाचकाची ओळख पटते अशी ग्रंथालयाची नोंद गोपनीय असते. ती वाचकाने स्वतः मागितली, कामकाजाला आवश्यक असली किंवा न्यायालयाचा हुकूम आला तरच उघड करता येते. बहुतेक सगळ्या राज्यांत असे कायदे आहेत.

नदीकाठ, तुमच्या पहिल्या प्रश्नाला जवळचं उदाहरण आहे. 2005 साली कनेक्टिकटमधल्या ग्रंथालयांचा एकत्रित संगणक विभाग चालवणाऱ्यांना एफबीआयचं पत्र आलं: अमुक दिवशी अमुक वेळात ग्रंथालयातला एक संगणक कोणी वापरला ते सांगा. न्यायाधीशाची सही नाही, आणि पत्र आल्याचं कोणाला सांगायलाही बंदी. त्या संस्थेचे चार ग्रंथपाल कोर्टात गेले. पुढच्या वर्षी सरकारने बोलण्यावरची बंदीही सोडली आणि माहितीचा आग्रहही. त्या काळात इथल्या अनेक ग्रंथालयांनी एक साधं धोरण स्वीकारलं: कामापुरतीच नोंद ठेवायची, काम झालं की पुसायची. जी नोंद ठेवलीच नाही ती कोणी मागूही शकत नाही आणि चोरूही शकत नाही.

---

सनद

एडिसनकर, तिथलं धोरण चांगलं आहे, पण जसंच्या तसं इथे आणता येणार नाही. आपल्याकडे 2011 चे सायबर कॅफे नियम आहेत. त्यात ओळखपत्र बघणं, वापराची नोंद किमान एक वर्ष ठेवणं, आडोशाची उंची साडेचार फुटांपेक्षा जास्त नसणं अशा अटी आहेत. ते नियम व्यवसाय म्हणून लोकांना इंटरनेट देणाऱ्यांसाठी आहेत, आणि सभासदांना मोफत संगणक देणारं वाचनालय तो व्यवसाय करत नाही असा युक्तिवाद करता येतो. तरीही उद्या त्या संगणकावरून कोणी धमकीचा ईमेल पाठवला तर पोलीस पहिल्यांदा कार्यवाहांकडेच येतील. त्यामुळे माझा सल्ला: सभासद क्रमांक, आलेली वेळ, गेलेली वेळ, एवढंच वहीत लिहा. कोणती साइट बघितली ते अजिबात नको. वही कुलपात. पोलिसांनी लेखी मागितलं तर अध्यक्ष आणि कार्यवाह दोघांच्या सहीने द्या, तोंडी कोणालाही नाही. एक वर्षानंतर वही नष्ट करा आणि तसा ठराव इतिवृत्तात घ्या.

आता तुमच्या दोन प्रसंगांबद्दल. परवानगीशिवाय संगणकातली माहिती उतरवून घेणं किंवा तिची नक्कल करणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि ते लबाडीने केलं तर कलम 66 खाली गुन्हा होतो. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हे 66सी: 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. पण यासाठी कोणाला परवानगी होती आणि कोणाला नव्हती हे कागदावर असावं लागतं. सगळ्यांनाच पासवर्ड माहीत असेल तर 'परवानगीशिवाय' हे सिद्ध कसं करणार? तुमच्या नियमावलीचा खरा कायदेशीर उपयोग इथे आहे.

शिवाय 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, हा त्याचा गाभा. 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती असेल तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. म्हणजे तुमचा बालविभाग थेट त्यात येतो. संस्था लहान आहे, ट्रस्ट आहे, वर्गणी महिना पन्नास रुपये आहे, या सबबी चालणार नाहीत.

---

वेशीवरचा

वाचतोय. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही हेच चालू आहे. सभेच्या सूचनेचा ईमेल सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून जातो आणि मग आठवडाभर सगळ्यांना विमा एजंटांचे ईमेल येतात.

---

जोडणी

तांत्रिक बाजू मी घेतो. यातलं बहुतेक एका रविवारी होण्यासारखं आहे.

सगळ्यात आधी खातं. पूर्वीच्या कार्यवाहांचा मोबाइल क्रमांक त्यावर आहे म्हणजे कायद्याने काहीही असलं तरी व्यवहारात खातं त्यांचं आहे. पासवर्ड विसरला असं सांगून ते कधीही ताबा घेऊ शकतात, आणि त्यांचा क्रमांक बंद होऊन दुसऱ्याला मिळाला तर तो तिसरा माणूसही प्रयत्न करू शकतो. ते हयात आणि गावात असतील तर त्यांना बोलावून, समोर बसून क्रमांक बदला. वाचनालयाच्या नावाने एक सिम घ्या, साधा फोन घ्या आणि तो कपाटात ठेवा. दुसरं म्हणजे, दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, डिसेंबर 2023 पासून ही अंमलबजावणी सुरू आहे. वाचनालयाचं एखादं जुनं खातं कुठे पडून असेल, त्यात जुने फोटो वा कागद असतील, तर आत्ताच उघडून उतरवून घ्या.

वेशीवरचा, पत्ते उघडे पडतात कारण पाठवणारा सगळे 'टू' मध्ये टाकतो. 'बीसीसी' मध्ये टाकले की कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 जणांपर्यंतच जातं, हेही लक्षात असू द्या. जास्त सभासद असतील तर सूचना दोन दिवसांत विभागून पाठवा.

कार्यालयातल्या संगणकावर प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करा. ग्रंथपाल, लिपिक, कार्यवाह, कोषाध्यक्ष. यादी कोणी उतरवली हे नंतर शोधता येईल तर त्यामुळेच. सभासदांच्या संगणकावर पाहुण्याचं खातं ठेवा आणि बाहेर पडलं की सगळं पुसलं जाईल अशी त्याची मांडणी करून घ्या. लोक बँकेचं, परीक्षेचं पान उघडं टाकून उठून जातात.

आणि विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 ला संपली. बहुतेक वाचनालयांतली यंत्रं नवीन विंडोज घेऊच शकत नाहीत इतकी जुनी आहेत. अनुदानातून नवी घेता आली तर उत्तमच. नाही तर वाचनकक्षातल्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स टाका. फुकट आहे, मराठी युनिकोड त्यात नीट चालतं, आणि पेन ड्राइव्हमधून येणारे विंडोजचे बहुतेक विषाणू तिथे निष्प्रभ. तेव्हा पेन ड्राइव्हवर सरसकट बंदी घालायचं कारण उरत नाही.

---

आजीव क्रमांक 12

मी स्वतः एका वाचनालयाचा फार जुना सभासद आहे, म्हणून थोडं वेगळं लिहितो. 'सभासदाने खासगी काम करू नये' हे कलम जर त्या नियमावलीत राहिलं तर वाचनकक्षातला संगणक धूळ खाईल. तिथे येतं कोण? स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुलं, ज्यांच्या घरी संगणक नाही. पेन्शनचं काम बघायला आलेले माझ्यासारखे. सातबारा काढायला आलेला शेतकरी सभासद. ही सगळी खासगीच कामं आहेत. वाचनालयाने संगणक त्याच्यासाठीच ठेवला ना?

आणि वेळेचं म्हणाल तर अर्धा तास हा तरुणाचा हिशेब झाला. मला ओटीपी येईपर्यंत आणि तो टाकेपर्यंत पान बंद होतं. रांग असेल तेव्हा वेळेची मर्यादा ठेवावी, रांग नसेल तेव्हा बसू द्यावं. सेवकाने थोडी मदतही करावी, फक्त पासवर्ड स्वतः टाइप करू नये. आमच्याकडे एका आजींनी एटीएमचा पिनच लिपिकाला सांगून टाकला होता. त्याने चांगुलपणाने त्यांना थांबवलं, पण सगळेच तसे नसतात.

---

नदीकाठ

आजीव क्रमांक 12 काका, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ते कलम मंडळातून आलं होतं, ते मी काढायला लावणार. त्याऐवजी असं लिहितोय: "वाचनकक्षातील संगणक सभासदाने अभ्यास, अर्ज, शासकीय व स्वतःच्या कामासाठी वापरावा. अश्लील मजकूर, जुगार, कोणाला त्रास देणारे संदेश व व्यापारी जाहिरात यांना मनाई आहे. दुसरा सभासद थांबलेला असल्यास पाऊण तासाने जागा द्यावी. सेवकाने कोणाचाही पासवर्ड, पिन वा ओटीपी विचारू नये, सांगितल्यास ऐकू नये."

सनदताई, नोंदवहीबद्दलचा सल्ला तसाच्या तसा घेतो.

बदनामीच्या कलमावर कोणीच बोललं नाही अजून.

---

तळटीप

मी बोलतो, आणि मी ते कलम मागणाऱ्यांच्या बाजूने आहे. आमच्या संस्थेत एका सभासदाने तीन वर्षं रोज सगळ्यांना ईमेल पाठवले. खजिनदारांवर पैसे खाल्ल्याचा आरोप, पुरावा शून्य. लेखापरीक्षणात काही निघालं नाही. ते गृहस्थ राजीनामा देऊन गेले, आणि आज आमच्याकडे खजिनदार व्हायला कोणी तयार नाही. फुकट काम करणाऱ्या माणसाच्या अब्रूची काही किंमत आहे की नाही?

---

सनद

तळटीप, तुमच्या खजिनदारांवर अन्याय झाला यात शंका नाही, आणि त्यांना त्या माणसाविरुद्ध बदनामीचा दावा करता आला असता, आजही कायदा आहे. पण तो त्यांचा वैयक्तिक हक्क आहे. संस्थेने नियमात 'बदनामी' लिहिलं की ती ठरवणार कोण? कार्यकारी मंडळ. म्हणजे ज्याच्यावर टीका झाली तोच न्यायाधीश. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ए कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं ते याच कारणाने: त्रासदायक, गैरसोयीचं असे शब्द इतके मोघम होते की त्यांत काहीही बसवता येत होतं. ते सरकारबद्दल होतं आणि खासगी संस्थेला तो निकाल तसाच लागू होत नाही, पण त्यामागचा विचार लागू पडतो. सभासदत्व रद्द करण्याचा प्रसंग आलाच तर तुमच्या घटनेत त्याची कारणं आणि पद्धत दिलेली असेल. नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, सर्वसाधारण सभा. नियमावलीतल्या एका ओळीने ते डावलता येणार नाही.

---

ग्रंथाळ

एक फरक करायला हवा असं वाटतं. सभासद स्वतःच्या खात्यातून काय लिहितो तो त्याचा प्रश्न. वाचनालयाच्या खात्यातून किंवा वाचनालयाच्या यादीवर काय जातं तो आपला. तळटीप यांच्या संस्थेत त्या माणसाला सगळ्यांचे पत्ते मिळाले कुठून? बहुधा उघडे पत्ते असलेल्या एखाद्या सूचनेतूनच. म्हणजे इलाज तोंड बंद करण्यात नसून यादी जपण्यात आहे.

पण दुसरी बाजूही हवी. यादी फक्त सत्तेतल्या गटाकडे राहिली तर सभासदांनी एकमेकांशी बोलायचं कसं? निवडणुकीत सगळ्या उमेदवारांचं एकेक पानाचं निवेदन वाचनालयाने स्वतः, एकाच दिवशी, एकाच ईमेलमध्ये, आडनावांच्या अकारविल्हे क्रमाने पाठवावं. यादी कोणालाच द्यायची नाही, पण निरोप सगळ्यांचा पोचवायचा. विशेष सभेची मागणी असेल तेव्हाही तसंच.

---

तळटीप

हे मला चालेल. यादी जपली असती तर आमच्याकडचा त्रास निम्म्याने कमी झाला असता हे खरं आहे.

---

वेशीवरचा

पीडीएफचं राहिलं.

---

ग्रंथाळ

त्याबद्दल माझं मत कडक आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार प्रतींची निघते आणि ती खपायला वर्षं लागतात. वाचनालयच पीडीएफ वाटायला लागलं तर लेखकाने आणि प्रकाशकाने बघायचं कुणाकडे? कॉपीराइट कायदा 1957 प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं हक्क राहतो. त्यापेक्षा जुनं असेल ते खुशाल स्कॅन करा, सभासदांना द्या, उत्साहाने द्या. आपल्या कपाटांतली किती तरी जुनी पुस्तकं अशीच वाचतील. आणि जे पुस्तक भारतात विकत मिळतच नाही त्याच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक वाचनालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात, कलम 52 मध्ये तशी सोय आहे. बाकी कोणी पेन ड्राइव्हमध्ये कादंबरी आणून प्रिंट काढा म्हणालं तर सेवकाने नम्रपणे नाही म्हणावं आणि ती कपाटात आहे का ते बघून हातात द्यावी.

---

नदीकाठ

सगळ्यांचे आभार. मसुदा इथल्या सूचनांप्रमाणे बदलला. बदनामीचं कलम काढलं, त्या जागी ग्रंथाळताईंनी सुचवलेलं उमेदवारांच्या निवेदनाचं कलम घातलं. देवघेवीच्या नोंदीचं कलम आता दुसऱ्या क्रमांकावर आहे.

हस्तांतराचं कलम असं केलंय, सनदताई बघून घ्या: "नवीन कार्यकारी मंडळ निवडून आल्यापासून सात दिवसांत ईमेल खात्याचे, सॉफ्टवेअरचे व संगणकांचे सर्व पासवर्ड जुन्या कार्यवाहांनी नव्या कार्यवाहांसमोर बदलून द्यावेत. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक वाचनालयाच्याच नावावर असावा. पासवर्ड मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत. याची नोंद दोघांच्या सहीने इतिवृत्तात घ्यावी. संस्थेचा पत्रव्यवहार पदाधिकाऱ्याने खासगी ईमेलवरून करू नये."

---

सनद

चांगलं आहे. फक्त 'निवडून आल्यापासून' ऐवजी 'पदभार घेतल्यापासून' लिहा, आणि धर्मादाय आयुक्तांकडे नव्या पदाधिकाऱ्यांच्या नोंदीचा बदल अर्ज मंजूर व्हायची वाट बघत पासवर्ड अडवून ठेवता येणार नाही असं स्पष्ट म्हणा. बदल 90 दिवसांत कळवायचा असतो, पण मंजुरीला कधी कधी वर्षं लागतात, आणि वादाच्या संस्थांत जुनी मंडळी नेमकं त्याकडेच बोट दाखवतात.

---

जोडणी

आणि बालविभागाचा जुना अर्ज बदला. मुलाचा फोटो, शाळा, इयत्ता, आधार क्रमांक एवढं कशाला लागतं? मुलाचं नाव, पालकाचं नाव, एक क्रमांक आणि पालकाची सही पुरे. आधारच्या झेरॉक्स फायलीत असतील तर त्या सभेच्या आधीच नष्ट करून टाका.

---

नदीकाठ

झेरॉक्स आहेत, बालविभागाच्या सगळ्या अर्जांना जोडलेल्या. सोमवारी ग्रंथपालांबरोबर बसून काढतो आणि अर्जाचा नवा नमुना इथे टाकतो.